जर्मनीची सॉकर ट्रायल ट्रिप, पाचपैकी दोन स्टार, आणि ते दोन कशाचे ते सांगते

आधीच सांगते, मला सॉकरमधलं फारसं कळत नाही, ऑफसाइड अजूनही दर वेळी ह्यांना विचारावं लागतं. पण मी अकाउंट्समध्ये काम करते, हिशेब कळतो, आणि हा रिव्ह्यू मुळात हिशेबाचाच आहे. पोरांना सोळा दिवस जर्मनीला नेऊन तिथल्या क्लबांसमोर खेळवते अशी ही कंपनी, पण तिचं नाव लिहीत नाहीये. नंतर ईमेलांना उत्तरं देत बसायला मला वेळ नाही आणि तसंही टोरांटोच्या आसपास असल्या कंपन्या ढिगाने आहेत, सगळ्यांच्या वेबसाइटवर तोच हिरवा गवताचा फोटो.

चिरंजीव तेव्हा एकवीसचे, डावखुरे, लेफ्टबॅक (डाव्या बाजूचा डिफेंडर), लीग वन ऑन्टारियोमध्ये तिसरा सीझन. ज्यांच्या घरी हे वेड नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ही लीग २०१४ पासून आहे, सेमी-प्रो म्हणतात, म्हणजे प्रॅक्टिस प्रोसारखी आणि पगार बहुतेकांना शून्य. तिच्या वर कॅनेडियन प्रीमियर लीग, ती २०१९ ला सुरू झाली, २०२४ मध्ये तिच्यात आठ टीम. आठ टीम म्हणजे एवढ्या मोठ्या देशात मिळून जेमतेम दोनशेच्या आसपास नोकऱ्या, त्यात परदेशी खेळाडू पण येणार, आणि त्याच्या वर एमएलएसमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या मोठ्या लीगमधल्या, आपल्या तीन टीम. बस, संपली शिडी. त्यामुळे विशी ओलांडलेल्या प्रत्येक पोराच्या डोक्यात एकच असतं की बाहेर जायचं, स्वीडन, फिनलंड, जर्मनी, कुठेही, चौथ्या-पाचव्या डिव्हिजनला का असेना पण तिकडे. आणि ही डोक्यातली खाज ज्यांना बरोबर कळलीये त्या ह्या कंपन्या.

झूमवर प्रेझेंटेशन झालं फेब्रुवारीत. स्लाइडवर अ‍ॅलिस्टर जॉन्स्टन, मोईझ बॉम्बिटो, स्कॉट केनेडी. म्हणे बघा, हे सगळे खालच्या लीगमधूनच वर गेले! खरंय ते, खोटं काहीच नव्हतं त्यात, पण रात्री जेवण झाल्यावर मी बसून एकेकाचा प्रवास शोधला. जॉन्स्टन वॉन अझुरीकडून आपल्याच लीगमध्ये खेळला, पण मधे अमेरिकेत वेक फॉरेस्ट युनिव्हर्सिटी, मग २०२० च्या ड्राफ्टमधून (एमएलएसच्या टीम कॉलेजची पोरं नंबराने निवडतात तो) नॅशव्हिल, मग मॉन्ट्रियल, आणि तिथून स्कॉटलंडचं सेल्टिक. बॉम्बिटो क्वेबेकच्या लीगमध्ये सेंट-ह्युबर्टकडून, मग आयोवातलं एक ज्युनिअर कॉलेज, मग न्यू हॅम्पशायर, २०२३ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या नंबरवर कोलोरॅडो, आणि ऑगस्ट २०२४ ला फ्रान्समध्ये नीस. कॅल्गरीचा केनेडी तेवढा खरोखर ऑस्ट्रियाच्या खालच्या लीगमध्ये जाऊन, तिथे घासून, मग जर्मनीत रेगन्सबुर्गला पोचला आणि कॅनडाकडूनही खेळला, पण तो तिथे काही वर्षं राहिला हो, सोळा दिवस नाही. ह्यातला एकही जण असल्या ट्रिपमधून गेला असं मला कुठे सापडलं नाही. हे मी ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, पोराचं मन मोडू नकोस. मग काय, भरले पैसे.

कंपनीची फी ४,९०० डॉलर (आपले, कॅनेडियन), त्यात राहणं, खाणं, प्रॅक्टिस, चार मॅच, व्हिडिओ. विमान वेगळं १,४३०. इन्शुरन्स १३०, आणि हा घ्याच, कारण ओहिप, म्हणजे ऑन्टारियोचा सरकारी आरोग्य विमा, परदेशात हॉस्पिटलात भरती न होता उपचार घेतले तर त्याचे दिवसाला पन्नासच डॉलरपर्यंत देतो आणि ही मुलं घोटे मुरगळूनच घेतात. झाले ६,४६०. ह्यात जुलैमधला त्याचा वेअरहाऊसचा पगार बुडाला तो धरलेला नाही. आणि अजून एक गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नाही आणि आम्हीही विचारली नाही, ती म्हणजे जर्मनीतल्या क्लबांचा प्री-सीझन जुलैत असतो, म्हणून ट्रिप जुलैत, आणि जुलैत इकडे आपली लीग ऐन भरात असते. कोचने परवानगी दिली पण तोंड वाकडं करून, आणि परत आला तेव्हा लेफ्टबॅकला एकोणीस वर्षांचा दुसराच मुलगा उभा होता. ऑगस्टचा बराचसा भाग चिरंजीव बेंचवर.

आता ट्रिप. ड्युसेलडॉर्फच्या जवळ एक स्पोर्ट हॉटेल, स्वच्छ, दोन मैदानं, एक गवताचं एक आर्टिफिशियल. बावीस मुलं. निम्मी ऑन्टारियोची, बाकी क्वेबेक आणि ब्रिटिश कोलंबियाची, दोघंतिघं कॅनेडियन प्रीमियर लीगमधून रिलीज झालेली. जेवण पास्ता, चिकन, पास्ता. फिजिओ रोज असं लिहिलेलं, प्रत्यक्षात एक दिवसाआड. मी शेवटचे पाच दिवस गेले होते, माझ्या खर्चाने, वेगळ्या हॉटेलात, कारण ह्यांना सुट्टी मिळाली नाही आणि मला बघायचंच होतं की हे नक्की काय असतं.

चार मॅच कबूल केलेल्या. एक पावसाने रद्द, तिच्या जागी एका क्लबच्या अंडर-नाइन्टीनशी घाईघाईत ठरवलेली. बाकी तीन पाचव्या डिव्हिजनच्या, म्हणजे ओबरलीगाच्या टीमशी, पण पहिली टीम अशी नाही, अर्धे त्यांचेही ट्रायलवालेच! म्हणजे आपली पोरं ज्यांना इम्प्रेस करायला गेली तीही कोणालातरी इम्प्रेस करायलाच आलेली. तीन लेफ्टबॅक असल्यामुळे आमच्याला मिळून १६० मिनिटं मिळाली. मी भागाकार केला, फीचे मिनिटाला तीस डॉलर. ह्यांना मेसेज केला तर म्हणाले तू मॅच बघायला गेलीयेस का ऑडिटला.

एजंटांचं सांगते, कारण ब्रोशरमध्ये मोठ्या अक्षरात होतं, फिफा लायसन्स्ड एजंट हजर राहणार म्हणून. ऑक्टोबर २०२३ पासून फिफाच्या नवीन नियमांनी एजंटला परीक्षा देऊन लायसन्स घ्यावं लागतं आणि फिफाच्या साइटवर नाव टाकून शोधता येतं, फुकट, दोन मिनिटं लागतात. मी शोधलं. तीन नावं दिलेली, सापडलं एक. दुसरा 'प्रक्रियेत आहे' आणि तिसरा म्हणे सल्लागार. आता त्याच नियमांत खेळाडूकडून घ्यायच्या कमिशनची मर्यादा लिहिलीये, वर्षाला दोन लाख अमेरिकन डॉलरपर्यंतच्या पगारावर पाच टक्के, वरच्यावर तीन (कोर्टकचेऱ्यांमुळे हा भाग २०२३ च्या शेवटी स्थगित झाला, ते असो). पाचव्या डिव्हिजनला कोणी महिना साडेचारशे युरो देत असेल तर पाच टक्के झाले साडेबावीस युरो. साडेबावीस युरोसाठी कुठला एजंट दुपारभर उन्हात उभा राहणार? म्हणजे त्याला तिथे उभं राहायचे पैसे कोणीतरी दिलेत, आणि ते कोणाच्या फीमधून दिलेत हे कळायला अकाउंटंट असायची गरज नाही.

आता खरी गोष्ट, ज्यासाठी एवढं टाइप करतेय.

तिसऱ्या मॅचनंतर समोरच्या टीमचा कोच स्वतः चालत आला. साठीचा, टोपी घातलेला, मोडकंतोडकं इंग्लिश. आमच्याला म्हणाला डावा पाय चांगला आहे, तू कुठे खेळतोस. ह्याने लीग वन ऑन्टारियो सांगितलं तर त्याला वाटलं शाळेची लीग आहे. मग बाजूचा एक मुलगा मधे पडला आणि सांगायला लागला की २०२३ च्या कॅनेडियन चॅम्पियनशिपमध्ये आमच्यासारख्याच लीगच्या टीएसएस रोव्हर्सने वॅलरला, म्हणजे पूर्ण प्रो टीमला, ३-१ हरवलंय, वगैरे वगैरे, कोच बिचारा हसून मान डोलावत होता. मग त्याने विचारलं, पासपोर्ट कुठला?

ह्याने अगदी छाती पुढे काढून सांगितलं, कॅनडाचा.

तो म्हणाला, नाही, युरोपचा कुठला? आजी-आजोबा इटालियन, पोर्तुगीज, क्रोएशियन, कोणी?

तिथे उभं राहून मला काय वाटलं ते सांगता येत नाही. ज्या पासपोर्टसाठी आम्ही दोघांनी किती वर्षं कागद जमवले, परीक्षा दिली, शपथ घेताना रडले मी, तो त्या मैदानावर बस पासाइतक्याही कामाचा नव्हता. आणि आमच्या सात पिढ्यांत कोणी इटालियन असल्याचं ऐकिवात नाही!

कोचने मग नीट समजावून सांगितलं, त्याचे मी मनापासून आभार मानते कारण कंपनीने पाच महिन्यांत सांगितलं नाही ते त्याने पाच मिनिटांत सांगितलं. जर्मनीत युरोपबाहेरच्या माणसाला प्रोफेशनल खेळाडू म्हणून परमिट हवं असेल तर क्लबने किमान एवढा पगार द्यायलाच लागतो असा कायदा आहे, ज्या पगारापर्यंत पेन्शन विम्याचा हप्ता कापतात त्या वरच्या मर्यादेच्या निम्मा. २०२४ ला पश्चिम जर्मनीत तो आकडा महिना ३,७७५ युरो येत होता. आणि त्याचा क्लब देतो साडेचारशे, शिवाय तिघांत एक फ्लॅट. म्हणजे मुलगा आवडूनही उपयोग नाही. नेदरलंड्समध्ये तर अजून वर, एकविशीच्या पोराला तिथल्या टॉप लीगच्या सरासरी पगाराच्या दीडपट. इंग्लंडमध्ये ब्रेक्झिटनंतर पॉइंटांचं गणित, नॅशनल टीम किंवा मोठी लीग नसेल तर नावच काढू नका. विनाव्हिसा शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांत, १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं तेवढंच, पण ते राहण्यापुरतं, नोकरीपुरतं नाही.

ग्रुपमध्ये एक मुलगा होता, आजी पोर्तुगालची, पासपोर्ट खिशात. खेळायला ठीक, आमच्यापेक्षा सरसच असं काही नाही (आई आहे, बोलणारच). पण त्याला दोन क्लबांनी थांबवून घेतलं. त्याच्याबद्दल राग नाही, गोड मुलगा आहे, पण मग हीच ती परीक्षा असेल तर ती इथे मिसिसागात बसून एका फॉर्मवर घेता आली असती ना? कंपनीच्या फॉर्मवर बुटाचा साइज विचारला होता, टीशर्टचा विचारला होता, पासपोर्ट नंबरही घेतला होता, फक्त दुसरा पासपोर्ट आहे का किंवा मिळू शकतो का हे विचारलं नव्हतं. विसरले असतील असं मला वाटत नाही. विचारलं असतं तर बावीसपैकी किती जणांनी पैसे भरले असते?

आणि जे करता येण्यासारखं होतं तेही कंपनीने सांगितलं नाही. कॅनडाच्या सरकारचा इंटरनॅशनल एक्सपिरियन्स कॅनडा म्हणून कार्यक्रम आहे, त्यात जर्मनीशी करार आहे, १८ ते ३५ वयाच्या कॅनेडियन नागरिकाला वर्षभर तिथे राहून काम करता येतं. हे चिरंजीवांना रूममेटकडून कळलं, त्याचा भाऊ तसा गेलाय म्हणे, दिवसा कॅफेत आणि संध्याकाळी सहाव्या डिव्हिजनला. ह्या व्हिसावर क्लबकडून पैसे घेऊन खेळायचं कसं आणि किती हे मात्र क्लबला आणि दूतावासाला लेखी विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका, ऐकीव गोष्टींवर व्हिसा जळतो.

बरं, मुलगा अठराच्या आतला असेल तर हे वाचून लगेच बंद करा. फिफाचा नियमच आहे, काही ठरावीक अपवाद सोडले तर अठराखालच्याची देशाबाहेर बदली होत नाही. तरी आमच्या ग्रुपमध्ये एक सोळा वर्षांचा होता. त्याच्या आईवडिलांकडून पूर्ण फी घेतलेली. ह्याला मी शून्यापेक्षा कमी स्टार देऊ शकले असते तर दिले असते.

बहिणीने फोनवर सुचवलं की मग भारतातच पाठव ना, आयएसएल (इंडियन सुपर लीग) आहे की, आणि ह्यांनी लगेच इयन ह्यूमचं पुराण काढलं, ब्रॅम्प्टनमध्ये वाढलेला पोरगा, २०१४ च्या पहिल्याच सीझनला केरळकडून सर्वोत्तम खेळाडू, नंतर आपल्या पुणे सिटीकडूनही खेळला. हो, पण ह्यूम इंग्लंडमध्ये आयुष्य घालवून, कॅनडाकडून खेळून गेला तिकडे. आमचा गेला तर ओसीआय कार्ड दाखवूनसुद्धा परदेशी खेळाडूच धरणार, आणि परदेशी जागेवर ते स्पेनचा अनुभवी माणूस घेतील की मिसिसागाचा लेफ्टबॅक? इकडे पण पासपोर्ट चुकीचा, तिकडे पण.

आता दोन स्टार कशाचे. एक व्हिडिओचा. प्रत्येक मॅच उंचावरून पूर्ण शूट केलेली, आठवड्यात फाइल हातात, त्याच्या मिनिटांचं वेगळं कटिंग. कोचनेही हेच सांगितलं होतं की गाणं लावलेला तीन मिनिटांचा हायलाइट मला पाठवू नका, एक पूर्ण मॅच पाठवा, ज्यात चुकाही दिसतील. तशी फाइल आता आहे त्याच्याकडे. (इथल्या एका व्हिडिओवाल्याने नंतर मॅचमागे दीडशे डॉलर सांगितले, तो हिशेब तुम्हीच करा.) दुसरा स्टार तिथल्या एका ट्रेनरला. जुना प्रो, पायाला कायमचं काहीतरी झालेलं, लंगडत चालायचा. बॉल यायच्या आधी दोनदा मान फिरव, एवढी एकच गोष्ट त्याने सोळा दिवस घोकून घेतली, आणि ती फिरलेली मला इकडे सप्टेंबरच्या मॅचमध्ये दिसली, मला! जिला ऑफसाइड कळत नाही.

कागदावर कंपनी कुठेच अडकत नाही, 'कॉन्ट्रॅक्टची हमी नाही' हे अ‍ॅग्रीमेंटच्या अकराव्या पानावर आहेच, आणि मी सही करताना वाचलंही होतं. रद्द झालेल्या मॅचचे पैसे मागितले तर म्हणाले अंडर-नाइन्टीनची झाली ना बदली. किटचे ८० डॉलर डिपॉझिट अजून यायचेत. तीन ईमेल झाल्या.

चिरंजीवांनी त्या जर्मनीच्या वर्षभराच्या व्हिसाचा फॉर्म भरायला घेतलाय, जर्मन शिकायचं अ‍ॅप रोज सकाळी किचनमध्ये मोठ्या आवाजात चालू असतं, आणि त्या टोपीवाल्या कोचला त्याने पूर्ण मॅचची फाइल पाठवलीये. कोचचं उत्तर आलं, दोन ओळींचं. पहिली ओळ, पासपोर्टचं काय झालं. दुसरी, उजवा पाय पण वापर.