हेम्पच्या बियांचं तेल: कोशिंबिरीला छान, आमवाताला नाही

पणजीतल्या एका सेंद्रिय मालाच्या दुकानातून हे तेल घेतलं. हेम्प म्हणजे भांगेचीच, पण नशा न आणणारी जात. गडद काचेची बाटली, हिरवट रंग, चव थोडी अक्रोडाकडे झुकणारी. तवशाच्या कोशिंबिरीवर किंवा उकड्या तांदळाच्या पेजेवर वरून घालायला सुरेख लागतं. फोडणीला मात्र नको, लगेच धुरावतं. यात ओमेगा-६ आणि ओमेगा-३ साधारण तीनास एक असतात, आणि २०२१ पासून एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेने या बिया नि तेल खाद्यपदार्थ म्हणून मान्य केले आहेत. खाण्याचं तेल म्हणून माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार आहे लेबलाबद्दल. त्यावर लिहिलंय की हे तेल शरीरातली एंडोकॅनाबिनॉइड यंत्रणा (म्हणजे भांगेतल्या द्रव्यांसारखे, शरीराने स्वतः बनवलेले रेणू आणि ते ओळखणारे रिसेप्टर) जागवतं आणि सांध्यांची सूज उतरवतं.

फोंड्यात माझी रक्ततपासणीची लॅब आहे आणि घरी आईला आमवात. सकाळी तिच्या बोटांची मूठ वळत नाही. असं वाक्य मला नुसतं वाचून सोडून देता येत नाही.

यंत्रणा खरी आहे, आणि फार देखणी आहे. १९९३ साली केंब्रिजच्या संशोधकांना सीबी२ हा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचा संदेश घेणारा रेणू, सापडला, तोही प्लीहेतल्या मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशींत. रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या बी पेशींवर तो भरपूर असतो. सूज आली की पेशी आपल्याच पटलातल्या स्निग्ध द्रव्यांपासून आनंदामाइड आणि २-एजी हे रेणू बनवतात, लागतील तेव्हा, लागतील तेवढे. ते सीबी२ला चिकटले की पेशीतलं सीएएमपी हे संदेशवाहक द्रव्य घटतं आणि टीएनएफसारखे सूज पेटवणारे संदेश मंदावू शकतात. पण तेच २-एजी तुटलं की अ‍ॅराकिडोनिक आम्ल सुटतं आणि त्यातून प्रोस्टाग्लँडिन तयार होतात, म्हणजे पुन्हा सूज नि दुखणं. फायझरने आनंदामाइड तोडणारं एन्झाइम रोखणारी गोळी गुडघ्याच्या संधिवाताच्या रुग्णांना देऊन पाहिली. रक्तातलं आनंदामाइड वाढलं, वेदना मात्र प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या गोळीपेक्षा, कमी झाल्या नाहीत. हे २०१२ साली छापून आलंय. यंत्रणा नुसती जागवून भागत नाही.

त्यातून या तेलात जागवणारं आहे काय? कॅनाबिनॉइड, म्हणजे भांगेतली या यंत्रणेवर काम करणारी द्रव्यं, असतात ती फुलांच्या तुऱ्यांवरच्या राळेत. बियांत ती जवळजवळ नसतातच.

खाण्यातलं सीबी२ला चिकटणारं द्रव्यच हवं असेल, तर ते आमच्या सावईवेऱ्याच्या कुळागरांत माडा-पोफळींवर चढलेल्या मिरीत आहे: बीटा-कॅरिओफायलीन. लवंगेतही आहे. २००८ च्या एका अभ्यासात ते तोंडावाटे दिल्यावर उंदरांची सूज उतरली, आणि ज्या उंदरांत सीबी२ नव्हता त्यांची उतरली नाही. किती स्वच्छ प्रयोग! पण तिथे मोजून दिलेलं द्रव्य होतं. आईच्या सारात मी मिरी जास्त घालते ती चवीसाठी, तिची गोळी चालूच आहे.

लॅबमध्ये एक काकी आल्या होत्या. याच बाटलीच्या भरवशावर त्यांनी मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध परस्पर बंद केलं होतं. सीआरपी, म्हणजे रक्तातला सूज दाखवणारा आकडा, इतका चढलेला की रिपोर्ट हातात देण्याआधी मी त्यांना बसवलं, मुलाला फोन लावला आणि त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे पाठवलं. त्या भोळ्या नव्हत्या. छापलेल्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला होता.

कंपनीला मी पत्र लिहिलंय: ते वाक्य काढा आणि त्या जागी स्निग्धाम्लांचं प्रमाण छापा, उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा असंही लिहा. लेबल बदललं तर कोशिंबिरीसाठी हीच बाटली मी पुन्हा घेईन.