कंटेनरच्या दारातून पोकलेन जातं का?

वापरलेलं, वीस टनी पोकलेन परदेशातून मागवायचं होतं. विक्रेत्याने फोटो पाठवले, मशीन चालतानाचा व्हिडिओ पाठवला आणि स्वतःहूनच एक शिपिंग कंपनी सुचवली. पैसे तिच्याकडे ठेवायचे, मशीन ताब्यात आलं की मग ती विक्रेत्याला देणार. विक्रेता आणि वाहतूकदार एकच माणूस असू शकतो, हे डोक्यातच आलं नाही. खरं तर दोघांच्याही मेलमध्ये स्वल्पविरामाआधी जागा सोडायची खोड होती.

वेबसाइट झकास. रो-रो जहाजं (म्हणजे ज्यांवर गाड्या चालवतच चढवतात), रॅम्पवरून चढणारे डंपर, 'पंचवीस वर्षांची सेवा'. (त्या वेबसाइटच्या नावाची नोंदणी चार महिन्यांपूर्वीची होती. बघायला दोन मिनिटं लागतात; मी पैसे गेल्यावर बघितली.) दर इतरांच्या निम्मा. बँक खातं भलत्याच नावावर. विचारलं तर म्हणे, आमचा हिशोब दुसरी संस्था बघते. स्वस्तात काम होतंय म्हटल्यावर तेही पटलं.

पैसे भरले, बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर चढवल्याची जहाज कंपनीची पावती, आलं. शिक्का, सही, सगळं. त्यावर लिहिलेलं: चाळीस फुटी बंद कंटेनर, एक नग. इथेच मी थांबायला हवं होतं. त्या कंटेनरचं दार जेमतेम 2.3 मीटर रुंद, आणि वीस टनी पोकलेन चेनपासून चेनपर्यंत 2.8 मीटरच्या आसपास. खोलून सुटं केल्याशिवाय ते आत जाणारच नाही. अशी मशिनं रो-रो जहाजावर चढवतात, नाहीतर फ्लॅट रॅकवर, म्हणजे छप्पर आणि बाजूच्या भिंती नसलेल्या कंटेनरवर. मला मशीनमधलं कळतं. तरी मापं ताडून बघितली नाहीत, कारण ट्रॅकिंगच्या पानावर जहाजाचा ठिपका रोज पुढे सरकत होता.

मग ठिपका एका बंदरात अडला. विम्याची अनामत भरा, परत मिळेल. भरली. मग कस्टमची तपासणी फी. तीही भरली. तिसऱ्या मागणीला कागद पुन्हा काढले. बिलावर आयएमओ क्रमांक होता. नाव बदलो, मालक बदलो, हा सात आकडी क्रमांक जहाजाला जन्मभर चिकटलेला असतो. शोधला तर निघालं तेलवाहू जहाज! कंटेनर क्रमांकातला शेवटचा आकडा आधीच्या चार अक्षरांवरून आणि सहा आकड्यांवरून गणिताने येतो, तोही जुळेना. शेवटी बिलावर छापलेल्या जहाज कंपनीचा फोन नंबर स्वतः शोधून विचारलं. असं बिल त्यांनी काढलंच नव्हतं. हा फोन पैसे भरायच्या आधी करा.

त्यानंतरही मी दोन दिवस त्या भामट्यालाच मेल लिहीत बसलो. बँकेला आणि पोलिसांना कळवलं तोवर खातं रिकामं झालेलं.

परवा एक नवी मेल आली. बुडालेले पैसे वसूल करून देतो, आधी थोडी फी भरा. स्वल्पविरामाआधी जागा सोडलेली.