एन्कोडस म्हणून दिलेला दात

न्यू जर्सीतील मॉनमाउथ काउंटीत बिग ब्रूक नावाचा ओढा आहे. एडिसनहून तो तासाभराच्या आत येतो आणि आमच्या ओळखीतील काही मराठी कुटुंबे आता मुलांना घेऊन तेथे जीवाश्म शोधायला जाऊ लागली आहेत, म्हणून मला आलेला अनुभव लिहून ठेवत आहे. त्यात माझा स्वतःचा मूर्खपणाही पुरेसा आहे आणि तो मी झाकलेला नाही.

पाऊस पडला की या ओढ्याचे काठ झिजतात आणि सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाच्या थरांतील दात सुटून वाळूत येतात. ती वाळू चाळणीत घेऊन पाण्यात हलवली की बहुधा शार्कचेच दात हाती लागतात. कोकणात मुशीचे कालवण खाऊन वाढलेल्या मला शार्कचा दात सहज ओळखता येईल, असे उगाचच वाटत होते. लांब, सुईसारखा आणि दुभंगलेल्या मुळाचा दात स्कॅपॅनोऱ्हिंकस या शार्कचा, तर आखूड, एका बाजूला कललेला आणि कडेला करवतीसारखे दाते असलेला स्क्वॅलिकोरॅक्स या दुसऱ्या शार्कचा, एवढेही मला त्या गृहस्थांनी शिकवले, ज्यांच्याविषयी हे लिहीत आहे.

साठीच्या आसपासचे हे गृहस्थ दर शनिवारी ओढ्यात असत. आम्ही दाखवलेला प्रत्येक दात ते क्षणात ओळखत, माझ्या मुलीला तो हातात कसा धरून पाहावा हे समजावत आणि त्याबद्दल काहीही घेत नसत. नंतर मी संग्रहालयातील दातांशी ताडून पाहिले, तेव्हा त्यांनी सांगितलेली ती सारी नावे बरोबर निघाली. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे, कारण त्या खऱ्या ओळखींमुळेच पुढची खोटी ओळख मी विचारसुद्धा न करता मान्य केली.

एप्रिलमधील एका सकाळी मुलीच्या चाळणीत जवळजवळ तीन सेंटिमीटर लांबीचा, जाडजूड, गडद तपकिरी दात आला. त्याच्या टोकाजवळ एक टवका उडालेला होता. गृहस्थांनी तो थोडा जास्तच वेळ फिरवून पाहिला आणि हा एन्कोडस या माशाचा सुळा आहे, असे येथे पुष्कळ सापडतात, असे सांगितले. मग त्यांनी नियमाची आठवण करून दिली. येथून एका व्यक्तीला दिवसाला पाचच जीवाश्म नेता येतात, तेव्हा असल्या सामान्य दातासाठी एक जागा कशाला अडवायची, असे त्यांचे म्हणणे होते. नियम खरा होता, पण त्याचा असा उपयोग होऊ शकतो हे माझ्या ध्यानात आले नाही.

त्यांच्या गाडीत मोरोक्कोहून आणलेला मोसासॉरचा जबडा होता, म्हणजे त्या काळच्या समुद्रातील महाकाय सरड्याचा, वाळूच्या खडकात रुतलेला आणि तीन दात शाबूत असलेला तुकडा. आमचा दात आणि वर १२० डॉलर, एवढ्यावर तो आम्हाला मिळाला. मुलगी गप्प होती. घरी आल्यावर तिने वहीत आपल्या दाताचे चित्र काढले आणि त्यात समोरासमोरच्या दोन धारा ठळक दाखवल्या.

पुढे एका विद्यापीठाच्या संग्रहालयातील अभ्यासक बाईंना मी जबडा दाखवायला नेला, तेव्हा ती वही मुलीच्या हातात होती. बाईंनी जबड्याआधी चित्रच पाहिले. एन्कोडसचा सुळा सडपातळ आणि चपटा असतो, तर शंकूसारखा जाड दात आणि त्याचे दोन भाग पाडणाऱ्या दोन धारा हे मोसासॉरचे लक्षण आहे, असे त्यांनी सांगितले. चित्रावरून खात्री देता येत नाही, हेही त्या बोलल्या. खात्री मला पुढच्या महिन्यात झाली, कारण टोकाजवळ तोच टवका असलेला आमचा दात ‘न्यू जर्सीतील मोसासॉर’ म्हणून विक्रीला लागलेला मी पाहिला. किंमत मी दिलेल्या रकमेच्या दुपटीहून अधिक होती.

जबड्याची गत याहून वाईट होती. मोरोक्कोत खुरिब्गाच्या फॉस्फेटच्या खाणींतून मोसासॉरचे दात इतके निघतात की सुटा दात फारसा महाग नसतो. म्हणून ते वाळू आणि गोंदाच्या लगद्यात बसवून जबडा तयार करतात. भिंगाखाली पाहिले तर ‘खडकात’ हवेचे बुडबुडे दिसले, तापवलेली सुई टेकवताच प्लॅस्टिक जळल्याचा वास आला आणि एक रात्र ॲसिटोनमध्ये ठेवल्यावर सगळा जबडा मऊ पडून वाळू खाली बसली. ॲसिटोन वापरायचे तर खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळपास कोठे ज्योत नसावी.

मी त्या गृहस्थांना ओढ्यावर गाठले, तेव्हा अदलाबदल तुमच्या संमतीने झाली, असे ते अगदी शांतपणे म्हणाले आणि ते खरेच होते. माझ्याजवळ दाताचे छायाचित्र नव्हते, मोजमाप नव्हते, पैशांची पावतीही नव्हती. दात ओळखून देणाराच तो घेऊ पाहत होता, त्याच वेळी तो खिशात घालून मी घरी यायला हवे होते. आता चाळणीत काही वेगळे दिसले की आम्ही ते नाण्याशेजारी ठेवून चारही बाजूंनी छायाचित्रे घेतो आणि ओढ्यावर कोणाला दाखवत नाही.

लगद्यातून सुटलेले ते तीन दात मात्र अस्सल निघाले. मुलीने ते वेगळ्या डबीत ठेवले आहेत आणि झाकणावर फक्त ‘मोरोक्को’ असे लिहिले आहे.