जुन्या घरांच्या मोजणीसाठी लेझर मीटर: वापरानंतरचे मत

ग्रामीण भागातील जुन्या घरांचे आराखडे काढण्यासाठी मी ४० मीटर पल्ल्याचा, अधिक-उणे २ मिलिमीटर अचूकतेचा, हातात मावणारा लेझर मीटर बराच काळ वापरला आहे. माती, दगड किंवा लाकडाच्या घरांची नोंद करणाऱ्याने तो जवळ ठेवावा. मात्र टेपला सुट्टी देऊ नये.

उंची मोजण्यात त्याला तोड नाही. जमिनीवर ठेवून आढ्यावर नेम धरला की शिडीवाचून माप मिळते. धुराने काळ्या पडलेल्या तुळईवरून मात्र पुरेसा प्रकाश परत येत नाही, आणि शाकारलेल्या छपराच्या फटीतून किरण निसटला तर भलताच आकडा दिसतो. अशा वेळी काठीच्या टोकाला पांढरा पुठ्ठा बांधून तो तुळईला टेकवला की काम होते. भर उन्हात अंगणात लाल ठिपका दिसतच नाही.

अशी घरे गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, नसतात आणि भिंतीही क्वचितच ओळंब्यात, म्हणजे सरळ उभ्या, असतात, त्यामुळे चार बाजू मोजून भागत नाही. दोन्ही कर्ण, तेही एकाच उंचीवर, घ्यावेच लागतात. सामानाने भरलेल्या खोलीत टेप ताणता येत नाही, तिथे हे यंत्र खरोखर उपयोगी पडते.

माप यंत्राच्या मागच्या कडेपासून धरायचे की पुढच्या, हे ठरवणारे बटण चुकून दाबले जाते, ही मोठी उणीव. एका घराच्या सगळ्या खोल्या मी यंत्राच्या लांबीइतक्या, म्हणजे सुमारे ११ सेंटिमीटर, आखूड नोंदवल्या होत्या. आतली मापे आणि भिंतींची जाडी यांची बेरीज बाहेरच्या लांबीशी जुळेना, तेव्हा चूक सापडली.

टेपचे दुसरे टोक धरायला माणूस लागतो, आणि तो बहुधा घरातलाच असतो. एकदा टोक धरून उभ्या असलेल्या आजी चौकटीपाशी थांबून म्हणाल्या, “इथवरच घर होतं हो, पुढचं सगळं थोरल्याच्या लग्नानंतर वाढवलं.” निरखून पाहिले तर भिंतीत उभा सांधा होता, जो मी दोनदा मोजूनही पाहिला नव्हता. अमेरिकेत १९३३ साली सुरू झालेल्या ऐतिहासिक इमारतींच्या सर्वेक्षणात आराखडे, छायाचित्रे आणि लेखी इतिहास एकत्र ठेवतात. लेझर मीटर यांपैकी फक्त आराखड्याचे काम हलके करतो. म्हणून उंची आणि कर्ण मी त्याच्यावर सोपवतो. दारे, कोनाडे आणि भिंतींची जाडी अजूनही टेपने, घरातल्या कुणाला तरी सोबत घेऊनच मोजतो.