धर्म-अध्ययनातली एम.ए. : दोन वर्षं वापरून (आणि अनामतीची वाट बघत)

ग्रंथालयाची एक हजार रुपयांची अनामत पंचेचाळीस दिवसांत खात्यात जमा होईल असं सांगितलं होतं. आज एकसष्टावा दिवस. म्हणून लिहायला बसले, नाहीतर मी असल्या भानगडीत पडत नाही.

संस्थेचं नाव लिहीत नाही. मध्य रेल्वेवरच्या एका उपनगरात आहे, संध्याकाळचे वर्ग, कुठलीही पदवी चालते. चार सेमिस्टर, ८८ क्रेडिट वगैरे माहितीपुस्तकात आहेच. मी ४३ वर्षांची, बी.कॉम., फोर्टात विम्याच्या ऑफिसात, राहते डोंबिवलीला. आई गेली तेव्हा दहाव्या-तेराव्याला मी गुरुजींना दोन-तीनदा विचारलं की हे असंच का करायचं. ते म्हणाले, शास्त्रात आहे. कुठल्या शास्त्रात, ते काही सांगेनात. मग वाटलं, आपणच शिकावं.

पहिली फसगत नावाची झाली. मी ‘धर्मशास्त्र’ शिकायला निघाले होते. आपल्याकडे धर्मशास्त्र म्हणजे मनू, याज्ञवल्क्य, वारसा, विवाह, प्रायश्चित्त. म्हणजे निम्मं कायद्याचंच काम. पण चर्चच्या गोटात जे थिऑलॉजी म्हणतात, त्यालाही लोक धर्मशास्त्रच म्हणतात. आमच्या वर्गातली वसईची मुलगी त्याला ‘ईशज्ञान’ म्हणायची, तो शब्द मला जास्त नेमका वाटला. आणि आम्हाला जे शिकवलं ते या दोन्हींतलं नव्हतंच. ते होतं धर्मांचं अध्ययन, बाहेर उभं राहून केलेलं. थिऑलॉजीत तुम्ही घरातले असता आणि घराबद्दल विचार करता. पुण्याच्या कॅथलिक ज्ञानदीप विद्यापीठात किंवा बंगालमधल्या सेरामपूरच्या प्रोटेस्टंट परंपरेतल्या कॉलेजांत शिकणारे बहुतेक जण पुढे पाळकत्व, धर्मगुरूपण किंवा तिथलंच अध्यापन करणार असतात. (सेरामपूरचं कॉलेज १८१८ चं, आणि ते काढणाऱ्या तिघांपैकी विल्यम केरीने त्याआधीच, १८०५ मध्ये, मराठीचं व्याकरण छापलं होतं. ही माहिती परीक्षेत कुणी विचारली नाही, पण मला फार आवडली.) आमच्याकडे पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, देव आहे की नाही हा प्रश्न या वर्गात विचारायचा नाही, माणसं काय करतात, काय सांगतात, कशासाठी रांग लावतात, ते बघायचं. मला हे पटायला एक सेमिस्टर गेलं. सासऱ्यांना अजून पटलेलं नाही. “म्हणजे आता तू विठ्ठल मानत नाहीस का?” असं त्यांनी जेवताना विचारलं, तेव्हा मी आमटी वाढत राहिले.

तेव्हा प्रवेश घेण्याआधी हे एक नक्की विचारा: आत राहून शिकायचंय की बाहेरून? पाली, बौद्ध अध्ययन, तत्त्वज्ञानाच्या एम.ए.त धर्माचे एक-दोन पेपर, असे पर्याय मुंबईत आहेत. नावं सारखी वाटतात, आतला माल वेगळा असतो.

आणि दुसरं विचारा, ग्रंथालयाची वेळ काय.

हसू नका. आमच्या ग्रंथालयाची वेळ दहा ते साडेपाच, मध्ये एक तास जेवणाची सुट्टी, शनिवारी एकपर्यंत. आमचे वर्ग सव्वासहा ते पावणेनऊ. म्हणजे संध्याकाळच्या वर्गातला, पोट भरायला नोकरी करणारा कुणीही विद्यार्थी दोन वर्षांत एकदाही ग्रंथालयाच्या दारातून आत जाऊ शकत नाही. ग्रंथालय शुल्क मात्र वर्षाला आठशे, शिवाय अनामत हजार. सोळाशे रुपये भाडं देऊन मी दोन वर्षं एक कुलूप बघितलं. चांगलं पितळी कुलूप आहे.

शनिवारी जा, असं कुणी म्हणेल. शनिवारी माझं ऑफिस असतं. मी अर्ज केला, वर्गातल्या अकरा जणांच्या सह्यांनिशी: आठवड्यातून एक दिवस तरी आठपर्यंत उघडं ठेवा. उत्तर आलं की कर्मचाऱ्यांची कमतरता आहे. दुसरा अर्ज केला की मग शुल्क कमी करा. त्याचं उत्तर आलं नाही. तिसऱ्यांदा ऑफिसात गेले तर तिथले सद्गृहस्थ म्हणाले, “मॅडम, आजकाल सगळं ऑनलाइन मिळतं ना.” मग शुल्क कशाचं घेता, हे मी विचारलं. ते जरा मोठ्याने विचारलं गेलं.

म्हणून मी झेरॉक्सची वही ठेवली. पान दीड रुपया, स्पायरलचे वेगळे. दोन वर्षांत २,३४० रुपये. त्यातला मोठा हिस्सा एकाच पुस्तकाचा. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास, पाच खंड, १९३० ते १९६२, साडेसहा हजारांहून अधिक पानं. काणे मुंबईत वकिली करत, पुढे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९६३ मध्ये भारतरत्न मिळालं. तर या इतिहासाच्या चौथ्या खंडात अंत्येष्टी आहे, आशौच म्हणजे सुतक आहे, श्राद्ध आहे. म्हणजे माझाच प्रश्न. स्कॅन इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळतो, पण उभ्याने, फास्ट लोकलमध्ये, कुणाच्या तरी पर्सच्या पट्ट्याखालून फोनवर काणे वाचून बघा. शेवटी एशियाटिक सोसायटीची सभासद झाले. ऑफिसपासून चालत सात मिनिटं, टाउन हॉलच्या त्या पायऱ्या चढायच्या, डबा आधीच संपवायचा, आणि पस्तीस मिनिटं वाचायचं. आईच्या दहाव्याला जे-जे झालं, त्यातलं काय कुठल्या ग्रंथात आहे, कुठे मतभेद आहेत आणि प्रांतागणिक रीत कशी बदलते, हे तिथे बसून कळलं. गुरुजी खोटं बोलत नव्हते. शास्त्रात होतं. फक्त शास्त्रात त्याच्या उलटही होतं.

पहिल्या सेमिस्टरनंतर मी या अनुभवाचा एक मसुदा लिहून ठेवला होता. त्यात शेवटचं वाक्य होतं: घेऊ नका, पैसे वाया जातात. आज तो वाचला. राग खरा होता, पण निकाल घाईचा होता.

कारण दुसऱ्या सेमिस्टरला ते चार क्रेडिटचं ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आलं. नव्या शैक्षणिक धोरणात सगळ्या एम.ए.ना ते किंवा फील्ड प्रोजेक्ट आहे. धर्म-अध्ययनात जॉब कसला, यावर वर्गात आठवडाभर विनोद झाले. निवृत्त महापालिका अधिकारी असलेले आमच्या वर्गातले काका म्हणाले, सिद्धिविनायकाला चपला सांभाळतो. आम्ही अर्थात फील्ड प्रोजेक्ट घेतला. मला मिळालं मस्जिद बंदरजवळचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शआर हरहमीम, १७९६ चं. दिवेकर आडनावाच्या एका बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू गृहस्थांनी बांधलेलं, लोक त्याला जुनी मशीद म्हणतात. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून त्यांना पडलेलं ‘शनवार तेली’ हे नाव, कोकणातल्या गावांवरून पडलेली आडनावं, बायबलमधल्या कथांवर एकोणिसाव्या शतकात रचलेली मराठी कीर्तनं, हे सगळं मी वाचून गेले होते. पण त्यांच्या एका घरी मलिदा, म्हणजे आभार मानायचा त्यांचा विधी, बघितला तेव्हा वाचलेलं सगळं विसरले. गोड पोहे, ओलं खोबरं, वर फळं, आणि एलियाहू संदेष्ट्याची हिब्रू प्रार्थना. एलियाहूचा रथ अलिबागजवळच्या खंडाळ्याला टेकला, असं ते मानतात. यजमान मावशी मला म्हणाल्या, “पोहे भिजले नाहीत नीट, तू काही लिहू नकोस हं त्याबद्दल.” लिहिलं नव्हतं. आता लिहिलं.

त्या दिवशी मॅडमचं पहिलं वाक्य कळलं. हे खरं की खोटं, असा प्रश्न माझ्या मनात आलाच नाही. मी बघत होते.

पुस्तकातले लोकही त्यानंतर जरा जवळचे झाले. माणसं एकत्र जमली की एक उसळी येते आणि ती माणसं तिला देव समजतात, असं दुर्खाइम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये लिहिलं, ते ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींबद्दल, आणि स्वतः तिकडे न जाता. गिरगावच्या विसर्जनात उभं राहिलेल्या माणसाला ते अर्धं पटतं. रुडॉल्फ ओटो या जर्मन अभ्यासकाने १९१७ मध्ये ज्याला पवित्राचं भय आणि ओढ म्हटलं, ते वाचताना मला पंढरपूरची पदस्पर्शाची रांग आठवली: बारा तास उभं राहून क्षणभर, आणि मागून ढकलणारा हात. संशोधन पद्धतीचा पेपर मात्र कंटाळवाणा. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

भाषेचं सांगते. प्रश्नपत्रिका इंग्रजी, उत्तर मराठीत चालतं. चालतं, पण सोपं नाही. ‘रिलिजन’ला धर्म लिहिलं की गोंधळ सुरू. शेजारधर्म, दानधर्म, धर्मशाळा, लोकलच्या दारातला ‘धर्म कर माय’, पाण्याचा धर्म वाहणं. यातला कुठला धर्म रिलिजन आहे? मी तिसऱ्या सेमिस्टरला याच मुद्द्यावर सहा पानं लिहिली आणि बारापैकी दहा मिळाले. दोन का गेले, ते कळलं नाही.

नोकरीसाठी घेणार असाल तर थांबा. तुलनात्मक धर्म-अध्ययन हा नेटचा, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेचा, विषय आहे, एम.ए.ला ५५ टक्के लागतात (राखीव गटांना ५०), हे सगळं बरोबर. पण हा विषय शिकवणारी कॉलेजं मोजायला बसलात तर बोटं उरतात. आमच्या वर्गातल्या दोन हुशार मुली आता बी.एड. करतायत. पगार चालू असेल आणि डोक्यात एखादा प्रश्न अडकून बसला असेल, तर घ्या. दोन्ही वर्षांचं मिळून चाळीस हजारांच्या आत बसतं, त्यात लोकलचा पास धरलेला नाही. माझ्या जावेने तेवढ्यात मॉड्युलर किचनची एक भिंत केली.

राहिलं ग्रंथालय. निकाल लागल्यावर ना-देय दाखला लागतो आणि त्यावर ग्रंथपालांची सही. मी कधी पुस्तकच घेतलं नव्हतं, पण सही हवीच. त्यासाठी अर्धा दिवस रजा टाकली आणि दुपारी तीन वाजता, आयुष्यात पहिल्यांदा, ते दार उघडं बघितलं.

आत उजेड छान होता. लांब सागवानी टेबल, पंखे चालू, एकही माणूस नाही. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचा धर्मकोश होता, काही खंडांची पानं अजून कापलेलीही नव्हती. आणि त्याच्या खालच्या फळीवर काणे, पाचही खंड. मी चौथा काढला. मागच्या चिकटवलेल्या कागदावर शेवटचा शिक्का १९९४ चा.

ग्रंथपाल बाई चांगल्या होत्या. दाखल्यावर सही केली, शिक्का मारला, माझं कोरं कार्ड घेऊन त्यावर लाल शाईने एक तिरकी रेघ ओढली. मी चौथा खंड हातात धरून विचारलं, आठवडाभर नेऊ का?

“अगं, आधी सांगायचं ना,” त्या म्हणाल्या. “आत्ताच रद्द केलं कार्ड.”