गच्चीवर ग्रो बॅग की घराशेजारी वाफा? जळगाव-धुळ्याच्या उन्हात काय परवडतं

नवीन घर झालं की हा प्रश्न येतोच, भाजी लावायची तर गच्चीवर ग्रो बॅगांमध्ये (माती भरून झाडं लावायच्या पिशव्या) की खाली कंपाउंडच्या आतल्या पट्ट्यात. पुण्या-नाशिकचे लोक गच्ची म्हणतात आणि त्यांच्यापुरतं ते बरोबरही आहे, पण त्यांच्याकडे मे महिन्यात भुसावळसारखा 45-46 चा पारा नसतो ना. मी जळगावात दोन्ही करून बघितलंय. माझं स्पष्ट मत, खाली दहा बाय आठ फूट जरी माती मोकळी असेल तर आधी ती धरा, गच्ची नंतर.

मी पहिल्या वर्षी उलटं केलं होतं. माहेर यावलकडचं, तिकडून गोण्या भरून काळी माती आणली आणि वीस काळ्या बॅगांत ठासून भरली, वाटलं या मातीत केळी येते तर वांगी का नाही येणार. पण काळी माती शेतात वेगळी वागते आणि बॅगेत वेगळी. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, मग बॅगेच्या कडेने बोटभर फट पडते आणि वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खालच्या भोकातून बाहेर, मधला गोळा कोरडाच्या कोरडा. मला वाटायचं मी भरपूर पाणी देतेय! एप्रिलमध्ये लग्नाला तीन दिवस नाशिकला गेलो, परत आलो तर सगळी झाडं उभी वाळलेली. फार वाईट वाटलं होतं तेव्हा.

शिवाय वजन. पंधरा बाय पंधरा इंचाच्या बॅगेत 40 लिटरच्या आसपास माल मावतो, नुसती काळी माती भरून ओली केली तर एक बॅग 60 किलोच्या पुढे जाते, वीस बॅगा म्हणजे स्लॅबवर टनाच्या वर ओझं. म्हणून गच्चीच करायची असेल तर एक भाग माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि बॅगेमागे मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट फक्त पाणी धरतं, त्यात खत असं काही नसतं, त्यामुळे दर पंधरा-वीस दिवसांनी थोडं गांडूळखत वरून द्यावंच लागतं. बॅगा भिंतीच्या कडेने आणि विटांवर ठेवा, तापलेल्या फरशीवर ठेवल्या तर मुळं खालून भाजतात आणि ओल अडकून स्लॅबही पाझरायला लागतो.

खाली जमिनीत ही कटकट नाही. मुळं खोल जातात, एक-दोन दिवस पाणी चुकलं तरी झाड तग धरतं. पण तिथली दुखणी वेगळी. कॉलनीतल्या प्लॉटमध्ये बरेचदा वर मुरूम नाहीतर बांधकामाचा राडारोडा असतो, तो फूट-दीड फूट काढून टाकल्याशिवाय काहीच येत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीत पाणी तुंबून मुळं सडतात, म्हणून वीतभर उंच गादीवाफा करायचाच. आणि कुंपण पक्कं हवं, बकरी एकदा आत शिरली की महिन्याची मेहनत पाच मिनिटांत साफ.

आता पाणी, खरं ठरवायचं ते यावरच. आमच्या नळाला रोज पाणी येत नाही. मे महिन्यात बॅगेला सकाळ-संध्याकाळ दोनदा पाणी लागतं, तर आच्छादन केलेल्या वाफ्याला दिवसाआड पुरतं. आच्छादनाला वाळलेली केळीची पानं घ्या, आपल्याकडे त्यांना तोटा नाही, तीन-चार इंच जाड थर द्या. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर बॅगेच्या काठावर पांढरी खपली धरते आणि मिरचीची पानं कडेने करपतात. जमिनीतले क्षार चांगल्या पावसाने खाली धुऊन जातात, बॅगेत मात्र साठत राहतात. कूलरच्या टाकीत उरलेलं आणि आरओचं वाया जाणारं पाणी खूप जण झाडांना घालतात, त्यात क्षार अजून जास्त असतात, बॅगेला तर अजिबात घालू नका.

काय खायचंय त्यावरही ठरतं. भरताची मोठी हिरवी वांगी हवी असतील (जळगावच्या या वांग्याला 2016 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय) तर खालचा वाफाच, दोन झाडांत अडीच-तीन फूट अंतर ठेवून. बॅगेतही येतात पण माझ्याकडे फळं लहान राहिली. शेंडा अचानक मान टाकतो तेव्हा आत अळी असते, तेवढा शेंडा कापून नष्ट करायचा, कंपोस्टमध्ये टाकायचा नाही. गिलके, दोडके, कारलं यांची मुळं खाली लावून वेल दोरीने गच्चीवर चढवा, हे मला सगळ्यात आवडतं, पावसाळ्याच्या सुरुवातीला बी टोचलं की श्रावण-भाद्रपदात रोज भाजी. मेथी, कोथिंबीर, पालक मात्र गच्चीवरच बरे, सहा-आठ इंच खोल ट्रे पुरतो, हाताशी असतात, मेथी तर हिवाळ्यात महिनाभरात काढायला येते. मिरचीला बारा इंची बॅग चालते.

मार्च ते जून गच्ची चालू ठेवायची तर 50 टक्क्यांची शेडनेट, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी जाळी, लागतेच. तरीही टोमॅटोचा हट्ट नको, दिवसाचं तापमान 35 च्या वर गेलं आणि रात्रीही उकाडा राहिला की त्याची फुलं गळतात, नेट असली तरी. त्या दिवसांत मी पोकळा आणि अंबाडी घेते, बाकी बॅगा रिकाम्या करून माती उन्हात तापवते.

भाड्याने राहत असाल तर प्रश्नच मिटला, बॅगाच घ्या, घर सोडताना बरोबर नेता येतात. फक्त आधी घरमालकांना विचारा, आणि सुरुवात पाच-सहा बॅगांनीच करा, तीही दिवाळीच्या थोडं आधी.