टेक सूट: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

पोहण्याच्या शर्यतीचा अव्वल दर्जाचा जॅमर, म्हणजे मुलांचा कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा घट्ट सूट, पाकिटातून बाहेर काढला की साईज चुकला असंच वाटतं. कमरेचा पट्टा सपाट धरला तर जेमतेम वीतभर, कापड पतंगाच्या कागदासारखं करकरीत, आणि शिवणीच्या जागी दोराच नाही. कापडाचे दोन तुकडे चिकटवून आतून टेप लावलेली. बहुतेक वेळा साईज बरोबरच असतो. पहिल्या वेळी तो कमरेपर्यंत चढवायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. परदेशात मुलींच्या गुडघ्यापर्यंतच्या सूटला चारशे-पाचशे डॉलर पडतात, मुलांचा जॅमर त्याहून स्वस्त. एवढे पैसे मोजण्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी: टेक सूट, म्हणजे शर्यतीसाठीचे हे खास सूट, पोहणाऱ्याला पाण्यात वर उचलून धरतात वगैरे जे सर्रास बोललं जातं, त्यातलं बरंचसं २००८-०९ च्या सूटबद्दल खरं होतं, आजच्या सूटबद्दल नाही.

ते सूट वेगळेच होते. स्पीडोचा एलझेडआर रेसर फेब्रुवारी २००८ मध्ये आला. त्याच्या कापडाची चाचणी नासाच्या लँगली केंद्रातल्या हवेच्या बोगद्यात झाली होती, जोड शिवणीऐवजी अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींच्या) पद्धतीने केलेले होते आणि मोक्याच्या जागी पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचे पट्टे होते. बीजिंग ऑलिंपिकमध्ये जलतरणात २५ विश्वविक्रम झाले, त्यातले २३ या सूटमध्ये. पुढच्या वर्षी अरीनाचा एक्स-ग्लाइड आणि जेकेड ०१ हे अख्खे पॉलियुरेथेनचे सूट पाण्यात उतरले, आणि रोमच्या जागतिक स्पर्धेत तब्बल ४३ विश्वविक्रम पडले. जर्मनीच्या पॉल बीडरमनने ४०० मीटर फ्रीस्टाईल ३:४०.०७ मध्ये संपवून इयान थॉर्पचा विक्रम एका शतांश सेकंदाने मोडला, आणि २०० मीटरला १:४२.०० वेळ देत मायकेल फेल्प्सला सेकंदाहून जास्त फरकाने मागे टाकलं.

कारण साधं आहे. शर्यतीच्या शेवटच्या पंधरा-वीस मीटरमध्ये पाय जड होतात, किक मंदावते, कंबर खाली जाते आणि शरीर पाण्याला जास्त आडवं येतं. पॉलियुरेथेनमधून पाणी आत शिरत नाही, हवा अडकून राहते, त्यामुळे तो सूट कंबर वर धरून ठेवायचा. शिवाय घट्ट आवळून अंगाचा आकारही बदलायचा. ज्याची पाण्यातली ठेवण मुळातच सपाट आणि हलकी, त्याला यातून थोडंच मिळे. धिप्पाड, वजनदार पोहणाऱ्याला भरपूर. खरा अन्याय हा होता. सगळ्यांना तोच सूट फुकट वाटला असता तरी फायदा सारखा झाला नसता, आणि वर्षानुवर्षं तंत्रावर घेतलेली मेहनत एका कपड्याने झाकून टाकली असती.

त्यात करारांचा गुंता होताच. जपानच्या संघाचे करार मिझुनो, असिक्स आणि डेसेंट या कंपन्यांशी होते, त्यामुळे स्पीडोचा सूट त्यांना चालत नव्हता. जून २००८ मध्ये कोसुके कितजिमाने एलझेडआर घालून २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचा विश्वविक्रम केला, २:०७.५१, आणि लगेच जपानच्या महासंघाला बीजिंगसाठी हवा तो सूट वापरायची मोकळीक द्यावी लागली. जूनच्या त्या स्पर्धेत कितजिमाच्या टी-शर्टवर लिहिलेलं होतं, ‘पोहणारा मी आहे’. या सगळ्या वादाचं सार त्या एका ओळीत आहे.

१ जानेवारी २०१० पासून फिनाने, म्हणजे जलतरणाच्या जागतिक संघटनेने, नियम बदलले. पुरुषांचा सूट कमरेपासून गुडघ्यापर्यंत, स्त्रियांचा खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. साहित्य फक्त कापड, जाडी जास्तीत जास्त ०.८ मिलिमीटर, तरंगण्याचा जोर ०.५ न्यूटनच्या आत, चेन नाही, आणि एकावर एक दोन सूट घालायचे नाहीत. सगळ्यात महत्त्वाची अट हवेची: २५ टक्के ताणलेल्या कापडाच्या एका चौरस मीटरमधून सेकंदाला ८० लिटरपेक्षा जास्त हवा आरपार गेली पाहिजे. या एका अटीने अडकलेल्या हवेचा खेळ संपवला. नियम योग्य होता हे पुढे घड्याळानेच दाखवलं. सेझार सिएलोचा २००९ चा १०० मीटर फ्रीस्टाईलचा ४६.९१ हा विक्रम डेव्हिड पोपोविचीने २०२२ मध्ये त्याच रोममध्ये ४६.८६ देऊन मोडला, साध्या कापडी जॅमरमध्ये. बीडरमनचा ४०० मीटरचा विक्रम एप्रिल २०२५ पर्यंत टिकला. लुकास मेर्टेन्सने ३:३९.९६ वेळ नोंदवली. आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य मिळवलं, तेही नव्या नियमांच्याच काळात.

मग आजचा सूट देतो काय? दोन गोष्टी. मांड्या आणि कंबर आवळून धरतो, त्यामुळे स्नायूंची थरथर कमी होते आणि अंग थोडं गुळगुळीत राहतं. आणि नव्या कापडावरून पाणी ओघळून जातं. यातून मिळतात ते शतांश. पण २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत खाडेचं ५० मीटर फ्रीस्टाईलचं कांस्य ०.०१ सेकंदानेच हुकलं होतं, तेव्हा त्या पातळीवर शतांशाला किंमत आहे. जिल्हा पातळीवर ज्याचा टर्न (भिंतीशी वळणं) अजून अर्धा सेकंद खातो, त्याने ते पैसे कोचच्या फीला लावावेत.

घेताना आधी कापड बघा. स्वस्त रेसिंग सूट होजियरीचे असतात, बनियनसारखे फाशांनी विणलेले. सगळीकडे ताणतात, आरामशीर असतात, टिकतात. महाग सूट इचलकरंजीच्या मागावर निघतं तसल्या उभ्या-आडव्या धाग्याच्या कापडाचे असतात. ते पातळ, हलके, पण ताण फार कमी देतात. म्हणून त्यांत साईजची चूक खपत नाही. कमरेमागे बोट सहज जात असेल, किंवा उडी मारल्यावर पाठीत पाणी भरत असेल, तर सूट मोठा. पूर्ण वर चढवूनही जांघेत जागा राहत असेल, किंवा खांद्याचे पट्टे मान वाकवत असतील, तर लहान. खांद्यावर लाल वळ उठणं मात्र नेहमीचं आहे, त्याने घाबरू नये. मागच्या बाजूला फिना किंवा वर्ल्ड अॅक्वाटिक्स (फिनाचं नवं नाव) यांच्या मान्यतेचा छाप आणि कोड आहे ना, तेही पाहून घ्या.

सूट फाटतो तो पाण्यात नाही, चेंजिंग रूममध्ये. नखं कापलेली हवीत. अंग पूर्ण कोरडं हवं, म्हणून वॉर्मअप साध्या कॉस्च्यूममध्ये करून, पुसून, दहा मिनिटं थांबून मगच घालायला घ्या. पायात प्लॅस्टिकची पिशवी घातली की घोटा सहज सरकतो. मग दोन्ही पाय गुडघ्याच्या वर आणून ठेवा आणि बोटांच्या पेरांनी कापडाची चिमूट धरून दोन-दोन इंच वर सरकवा, आधी मांडी, मग नितंब. इथेच सगळ्यांची घाई होते: कमरेचा पट्टा धरून ओढला की सगळा ताण जोडावर येतो, टेप सुटते आणि सूट गेला. मांडीवर कापड पूर्ण वर आलं नसेल तर कंबर कधीच नीट बसणार नाही. खाली जाऊन पुन्हा सुरुवात करा. मुलींनी खांद्याचे पट्टे शर्यतीच्या जरा आधीच चढवावेत. सूट घालून तलावाच्या खरबरीत काठावर बसायचं नाही, टॉवेल अंथरायचा.

शर्यत झाली की लगेच उतरवून गार पाण्यात खळबळून घ्या. साबण नाही, मशीन नाही, पिळणं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवा वाळवा. क्लोरीन आणि ऊन दोन्ही इलास्टेन, म्हणजे कापडातला ताणणारा धागा, खातात. एवढी काळजी घेऊनही पाणी झटकायचा गुण थोड्याच शर्यतींत उतरतो. न्यायाचा प्रश्न आज इथे येऊन थांबलाय: ज्याला दर मोठ्या स्पर्धेला नवा सूट परवडतो तो, आणि जो एकच सूट दोन सीझन पुरवतो तो, एकाच हीटमध्ये (प्राथमिक फेरीत) उभे असतात.

लहान मुलांच्या बाबतीत तर माझं मत ठाम आहे. अमेरिकेच्या जलतरण संघटनेने सप्टेंबर २०२० पासून १२ वर्षं आणि त्याखालच्या मुलांना चिकटवलेल्या किंवा टेप लावलेल्या जोडांचे सूट, तसंच नितंबांच्या खाली उतरणारे उभ्या-आडव्या विणीचे सूट बंद केले. होजियरीचा, दोऱ्याने शिवलेला गुडघ्यापर्यंतचा सूट चालतो. आपल्याकडेही हाच नियम हवा. त्या वयात मूल सहा महिन्यांत साईज बदलतं, आणि टायमिंग सूटमुळे सुधारलं की सरावामुळे, हे ना त्याला कळतं ना कोचला.

सूट संपला की नाही ते घरीच तपासता येतं. कोरड्या कापडावर पाण्याचा थेंब सोडा. तो गोल राहून घरंगळला तर फायनलला चालेल. पसरून जिरला, पण कंबर अजून घट्ट असेल, तर हीट आणि टाईम ट्रायलसाठी ठेवा. उजेडासमोर धरल्यावर मांडीवरचे धागे विरळ दिसले की तो रेसिंगसाठी संपला.